लाइन आली, सिनेमा गेला

मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात ज्याचा संत्र्याचा बगीचा आहे, त्याला सिनेमा बघताना येणारा फोन बायकोचा किंवा व्यापाऱ्याचा असेलच असे नाही. बऱ्याचदा तो मोटरचा असतो. विहिरीवरच्या पेटीत मोबाईल स्टार्टर बसवलेला असतो, त्यात सिमकार्ड असते. लाइन, म्हणजे वीज, आली की ते यंत्र मालकाचा नंबर फिरवते. मालकाने फोन उचलून एक आकडा दाबला की इकडे पंप सुरू. पूर्वी याच कामासाठी मध्यरात्री बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीने पाय आपटत विहिरीवर जावे लागे. आता इकडच्या तिगावचा माणूस नागपुरात बसून ओलित करतो. अडचण एवढीच, की लाइन कधी येईल याचा भरवसा नाही आणि ती नेमकी नायकाची आई शेवटचा श्वास घेत असताना येते.

असा एक प्रसंग मी पाहिलेला आहे. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाचा फोन वाजला, त्याने कानाला लावला, आकडा दाबला आणि खिशात टाकला. सगळे मिळून दहा सेकंद. पण शेजारच्याने विचारले, "आली का?" त्याच्या पलीकडच्याने आपला फोन काढून पाहिला. मग मागच्याने. पाच-सहा पडदे उजळले आणि नायकाची आई कोणी पाहत नसताना वारली. एकालाही मी दोष देऊ शकलो नाही. संत्र्याचा बहार धरलेला असताना पाण्याची एक पाळी चुकली तर काय होते, हे त्या रांगेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

सिनेमागृहात मोबाईल बंद ठेवा, ही विनंती गेली वीस-बावीस वर्षे आपण ऐकतो आहोत. ती कोणी करायची, कोणत्या शब्दांत करायची, ऐकली नाही तर काय करायचे, यावर जगभर डोकेफोड झाली. कायदे झाले, यंत्रे आली, नटांनी प्रयोग थांबवले. या सगळ्याचा हिशेब मांडताना त्या पंपवाल्या गृहस्थाला मी डोळ्यांसमोर ठेवले आहे, कारण बहुतेक उपाय त्याला विसरूनच योजलेले आहेत.

आधी मोबाईल नव्हता तेव्हाचे. टॉकीजमध्ये काचेच्या स्लाइड असत. ऑपरेटर त्या यंत्रासमोर सरकवायचा आणि पडद्यावर गावातल्या कापड दुकानाची, सायकलवाल्याची, खत-बियाण्यांची जाहिरात यायची. अधूनमधून धूम्रपान मना असल्याची पाटी यायची आणि तिच्यावरूनच बिडीच्या धुराची रेघ सरकत जायची. याच यंत्रातून कधीकधी हाताने खरडलेली एक घाईची स्लाइड येई: अमुक गावच्या अमुक व्यक्तीने ताबडतोब बाहेर येऊन भेटावे. घरी कोणी अडलेले असे, कोणी गेलेले असे. तो माणूस अंधारात धडपडत उठायचा, सगळी टॉकीज क्षणभर त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा सिनेमाकडे वळायची. म्हणजे निरोप तेव्हाही येत होते. फरक असा, की निरोप आधी गेटकीपरकडे यायचा, तो मॅनेजरला विचारायचा, मॅनेजर ऑपरेटरला सांगायचा. तीन माणसांनी निरोप पारखल्यावरच तो अंधारात शिरत असे. भाजी काय आणू हे विचारायला कोणी स्लाइड लावली नाही.

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ चा. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतरची काही वर्षे टॉकीजला या यंत्राचा त्रास नव्हता, कारण आलेला फोन उचलायलाही मिनिटामागे पैसे पडत. ज्याच्याकडे मोबाईल होता तो स्वतःच तो वाजू नये म्हणून देव पाण्यात घालून बसे. चित्र पालटले ते २००३ साली. त्या वर्षी १ मेपासून येणारे कॉल फुकट झाले आणि जुलैत रिलायन्सने ५०१ रुपये भरून हँडसेट देण्याची योजना काढली. मोबाईल वाजणे ही फुकट गोष्ट झाली आणि फुकट वस्तूचे आपण जे करतो ते केले. त्याच सुमारास टॉकीजच्या पाट्यांमध्ये मोबाईलची भर पडली. शब्द बिडीच्या पाटीचेच होते, फक्त बिडीच्या जागी मोबाईल आला. दुसरी लाट २०१६ च्या सप्टेंबरात जिओबरोबर आली. डेटा स्वस्त झाला आणि वाजणारा फोन मागे पडून उजळणारा फोन पुढे आला. पाट्या मात्र वाजण्याबद्दलच बोलत राहिल्या.

मराठी माणसाने या प्रश्नावर सर्वांत जास्त आवाज उठवला तो सिनेमासाठी नव्हे, नाटकासाठी. ते साहजिकच आहे. पडद्यावरचा नट फोन ऐकत नाही, रंगमंचावरचा ऐकतो. २०१९ चा जुलै महिना या बाबतीत लक्षात राहण्यासारखा. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात 'नॉक नॉक सेलिब्रिटी'च्या प्रयोगात फोन वाजत राहिला आणि सुमीत राघवनने प्रयोग थांबवला. त्याच दिवसांत 'अश्रूंची झाली फुले'मध्ये लाल्या करणाऱ्या सुबोध भावेने, हे असेच चालणार असेल तर नाटकातच काम करू नये, अशा अर्थाची उद्विग्न पोस्ट लिहिली. त्यावर वर्तमानपत्रांतून भरभरून चर्चा झाली. महापालिकेच्या नाट्यगृहांत जॅमर बसवावेत ही मागणी मुंबई महापालिकेत पुढे आली. तिसऱ्या घंटेआधीच्या निवेदनाला पुढे धार चढली, काही नाटकांनी ती सूचना आपल्याच पात्रांच्या तोंडी घातली, काहींनी विनोदात घोळली. फरक पडला का? थोडा पडला. नागपूरच्या वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा सुरेश भट सभागृहात नाटकाला बसलो की फोन वाजल्यावर आजूबाजूची दहा माणसे मान वळवून बघतात, एवढी तरी लाज आता तयार झाली आहे. सिनेमात कोणी मान वळवत नाही.

जॅमरचे काय झाले, हे लोक नेहमी विचारतात. तोफ डागून उंदीर मारण्यासारखा हा उपाय आहे, पण तो बाजूला ठेवला तरी कायदाच आडवा येतो. आपल्याकडे जॅमर कोणीही विकत आणून लावू शकत नाही. तुरुंग, सुरक्षा दले, राज्य सरकारे, परीक्षा घेणाऱ्या वैधानिक संस्था, एवढ्यांनाच केंद्राच्या परवानगीने ते मिळतात. खाजगी माणसाने किंवा संस्थेने जॅमर बाळगणे बेकायदा आहे, असे दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बजावले. आणि ते बरेच आहे. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 'बॉर्डर' चालू असताना आग लागली आणि ५९ माणसे गुदमरून गेली. बंद दारांच्या, शेकडो माणसांच्या जागेत बाहेरच्या जगाशी बोलण्याचे साधन यंत्राने मारून टाकायचे, यावर सही करणारा अधिकारी मला तरी माहीत नाही. फ्रान्सने २००४ साली सिनेमागृहे आणि नाट्यगृहांना जॅमरची परवानगी दिली होती, पण आपत्कालीन कॉल गेलेच पाहिजेत या अटीवर. ती अट पाळणारे यंत्र बनवणे सोपे नव्हते आणि पुढे हा विषय तिथेही थंडावला.

मग दंड? न्यूयॉर्क शहराने तो करून पाहिला. २००३ साली तिथल्या नगरपरिषदेने सिनेमा, नाटक, संगीत सभा अशा ठिकाणी फोन वाजल्यास ५० डॉलर दंडाचा नियम केला. महापौर ब्लूमबर्ग यांनी नकाराधिकार वापरला. याची अंमलबजावणी होणारच नाही, असे त्यांचे म्हणणे. परिषदेने त्यांचा नकार बहुमताने फेटाळला आणि नियम झाला. नऊ वर्षांनी त्याच शहरात काय घडले ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १० जानेवारी २०१२, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची मैफल, माहलरची नववी सिम्फनी. शेवटचा भाग, जिथे सूर जवळजवळ शांततेत विरत जातात, तिथे पहिल्या रांगेतल्या एका फोनची मारिंबा धून सुरू झाली आणि थांबेना. संचालक ॲलन गिल्बर्ट यांनी वाद्यवृंद थांबवला आणि फोन बंद होईपर्यंत वाट पाहिली. नंतर कळले ते असे: त्या गृहस्थांना कंपनीने आदल्याच दिवशी नवा फोन दिला होता. त्यांनी तो सायलेंटवर टाकलेला होता. वाजला तो गजर, आणि गजर सायलेंटला जुमानत नाही हे त्यांना माहीत नव्हते. जुने, नेमाने येणारे रसिक होते ते. ५० डॉलरचा नियम त्यांना काय शिकवणार होता?

हा किस्सा मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या सूचनांमधली चूक त्यात उघडी पडते. आपण बेपर्वा माणसाला उद्देशून बोलतो. पण फोन वाजलेल्या माणसांत भांबावलेलेही पुष्कळ असतात. आमच्याकडच्या साठीच्या माणसाला मुलाने फोन घेऊन दिलेला असतो, आवाजाची कळ बाजूला असते, ती दाबली की कधी आवाज कमी होतो, कधी फोटो निघतो. फोन वाजल्यावर तो घाबरून तो उलटसुलट करतो, त्यातच फोन उचलला जातो आणि पलीकडून "हॅलो, हॅलो" ऐकू येऊ लागते. याला बंद करा सांगून उपयोग नाही, करून द्यावा लागतो.

दंडाच्या बाबतीत आपल्याकडचा कायदा मजेदार आहे. सिनेमागृहांचे नियमन करणारे कायदे जुने आहेत, मध्य प्रदेशचा १९५२ चा, महाराष्ट्रात मुंबई राज्याच्या काळातला १९५३ चा. त्यांत मोबाईल असणे शक्यच नव्हते. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि सिनेमागृहात बसून चित्रपट चोरून रेकॉर्ड करणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपासून थेट निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला गेला. म्हणजे फोन वर धरला तर तुरुंग, कानाला धरला तर काही नाही. निर्मात्याचा माल चोरला तर गुन्हा आहे, शेजाऱ्याची संध्याकाळ चोरली तर नाही. त्यातही गंमत अशी, की १४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' लागला तेव्हा सिनेमागृहांतून शिवगर्जना करणाऱ्या, रडणाऱ्या प्रेक्षकांचे व्हिडिओ गावोगाव फिरले. काहींत मागे पडदाही दिसत होता. कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. फुकटची जाहिरात कोणाला नको असते?

आता उजेडाबद्दल, कारण मला वाटते खरा त्रास आता तिथे आहे. डिजिटल सिनेमाच्या मानकानुसार पडद्याची उजळता चौरस मीटरला ४८ कँडेला धरतात. जुना दिवा, धुळकट पडदा असला तर ती त्याहून कमी. हातातल्या साध्या मोबाईलची पूर्ण उजळता चारशे-पाचशे कँडेला सहज असते, उन्हात वाचता यावे म्हणून केलेल्या महाग फोनची हजाराच्या पुढे. ऑटो ब्राइटनेस चालू असेल तर फोन अंधारात मंदावतो, पण उन्हातान्हात काम करणाऱ्या माणसाने उजेड कायमचा वर करून ठेवलेला असतो. म्हणजे तुमच्या पुढच्या रांगेत वीतभर आकाराचा, सिनेमाच्या पडद्याहून दहापट प्रखर असा दुसरा पडदा लागतो. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एक मेसेज वाचून झाला की वाचणाऱ्याची आणि त्याच्या मागच्या तिघांची ती सवय मोडते. फोन सायलेंटवर होता, हे त्याचे उत्तर. त्याच्या दृष्टीने त्याने सूचना पाळलेली असते.

गेटकीपरची बॅटरीही अंधारातच पेटायची, पण तो ती खाली, पायऱ्यांवर धरायचा. हे त्याला कोणी शिकवले होते कोण जाणे.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो. आपली टॉकीज कधी शांत होती? पांढुर्ण्याकडच्या माणसाने शांततेवर व्याख्यान देणे म्हणजे जरा जास्तच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड भिरकावतात. त्या गोटमारीसाठी प्रशासनाने दरवर्षी लाउडस्पीकरवरून विनंत्या केल्या, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले, दगड चालू राहिले. सूचना ऐकण्याच्या बाबतीत आमचा लौकिक हा असा. टॉकीजमध्ये शिट्ट्या, पडद्यावर फेकलेली चिल्लर, खलनायकाला शिव्या, हे सगळे आम्ही केले आहे. १९७५ साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा बायका चपला बाहेर काढून आत गेल्या, पडद्यासमोर आरत्या झाल्या. २०१६ साली 'सैराट'मध्ये 'झिंगाट' सुरू झाल्यावर खुर्च्या सोडून पोरे नाचली. हे सगळे गोंगाटच. तरी त्याने सिनेमा मोडला नाही. शिट्टी मारणारा माणूस सिनेमात असतो, जरा जास्तच असतो. फोनवाला तिथून निघून गेलेला असतो, आणि जाताना शेजारच्या चौघांना घेऊन जातो. त्यामुळे युरोपातल्या संगीतसभेची मुकी शिस्त आपल्याकडे आणा, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. शिट्टी राहू द्या. रडणारे मूलही राहू द्या, त्याची आई दुसरीकडे कुठे जाणार?

सूचना कानावर का पडत नाही, याचे एक कारण साधे आहे. तिच्या आधी आणि नंतर फार काही पडते. २ ऑक्टोबर २०१२ पासून तंबाखूचा वापर दाखवणाऱ्या सिनेमांत तंबाखूविरोधी संदेश सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर दाखवणे बंधनकारक झाले. तंबाखूने गेलेल्या 'मुकेश'ची ती जाहिरात लोकांना इतकी पाठ झाली, की तिच्यावर विनोद झाले. एका तरुणाच्या मरणावर हसणारे थेटर हे कोणाच्याही हेतूत नव्हते, पण वारंवारतेने ते घडवले. नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रगीत सक्तीचे केले, जानेवारी २०१८ मध्ये ते ऐच्छिक झाले. शिवाय आग लागल्यास बाहेर पडण्याचे दरवाजे, शिवाय पुढच्या सिनेमांच्या झलकी, शिवाय सोनेवाले आणि बिल्डर. बेंगळुरूच्या ग्राहक आयोगापुढे तर एका प्रेक्षकाने पंचवीस मिनिटे जाहिरातींत वाया गेल्याची तक्रार नेली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. या गर्दीत मोबाईलची पाटी पाच सेकंद येते. त्या वेळी निम्मे लोक खुर्ची शोधण्यासाठी मोबाईलचाच टॉर्च लावून उभे असतात.

कोरोनाच्या काळात हेच झाले होते. मार्च २०२० मध्ये फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. पहिल्या आठवड्यात लोक दचकले, महिनाभरात वैतागले, पुढे अमिताभ बच्चन यांचा आवाज आला तर तोही काढावा म्हणून लोक न्यायालयात गेले. जो आवाज सगळ्यांना उद्देशून बोलतो आणि कोणाकडेच बघत नाही, त्याचे असेच होते.

त्यात सिनेमागृह स्वतःच दोन तोंडांनी बोलते. तिकीट मोबाईलवर, दारात दाखवायचा चौकोनी कोड मोबाईलवर, मध्यंतरात पॉपकॉर्नचे पैसे मोबाईलवर, काही ठिकाणी खुर्चीवर बसून समोसे मागवायचे तेही मोबाईलवर. आणि मग पडद्यावर: कृपया मोबाईल बंद ठेवा. बंद केलेला फोन चालू व्हायला मिनिटभर लागतो आणि मध्यंतर दहा मिनिटांचे. 'बंद करा' हा शब्दच आता खोटा झाला आहे. सांगणाऱ्यालाही तो अभिप्रेत नसतो. आवाज बंद करा आणि फोन खिशातून बाहेर काढू नका, एवढेच म्हणायचे असते. मग तेवढेच म्हणावे.

अमेरिकेतल्या एका मोठ्या साखळीने उलट्या बाजूने विचार करून पाहिला. एएमसीचे प्रमुख ॲडम ॲरन यांनी एप्रिल २०१६ मध्ये सुचवले, की तरुणांना फोनपासून तोडता येत नसेल तर काही पडद्यांवर मेसेज करायला मुभा द्यावी. प्रेक्षकांनी असा काही गदारोळ केला की दोन-तीन दिवसांत त्यांना शब्द मागे घ्यावे लागले. ऑस्टिनच्या अलामो ड्राफ्टहाउसने याच्या नेमके उलट केले. फोनवर मेसेज करणाऱ्या एका बाईला त्यांनी बाहेर काढले होते. तिने रागाने टॉकीजच्या फोनवर शिव्याशाप रेकॉर्ड करून ठेवले. २०११ साली त्यांनी तोच निरोप, जसाच्या तसा, सिनेमाआधीची सूचना म्हणून पडद्यावर लावला. लोक खो खो हसले आणि फोन खिशात गेले. कारण त्या हसण्यात एक गोष्ट प्रत्येकाला कळली होती: इथे खरेच बाहेर काढतात.

आमच्याकडे बाहेर काढणारा कोण? इथे जरा धंद्याची गोष्ट सांगावी लागेल. सिनेमाच्या व्यापारात आमचा भाग अजूनही 'सीपी-बेरार' सर्किट म्हणून ओळखला जातो. तो प्रांत नकाशावरून केव्हाच गेला, १९५६ साली वऱ्हाड एकीकडे आणि छिंदवाडा दुसरीकडे झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा निघाला, तरी वितरकांच्या वहीत जुना प्रांत जिवंत आहे. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे कार्यालय भुसावळला. पूर्वी सिनेमाच्या पेट्या रेल्वेने यायच्या, रिळे उतरवून घेणारा, लावणारा, तिकीट फाडणारा, बॅटरी दाखवणारा, दंगा करणाऱ्याला कॉलर धरून काढणारा, अशी दहा-बारा माणसे एका टॉकीजवर जगत. आता सिनेमा उपग्रहावरून संगणकात उतरतो, त्याच्यासोबत जाहिरातींची यादीही मुंबईहून ठरून येते. सायकलवाल्याची स्लाइड गेली तशी ऑपरेटरच्या हातची सूचनाही गेली. माणसे कमी झाली. मल्टिप्लेक्समध्ये गणवेशातली मुले असतात, पण ती समोसे पोचवण्यासाठी. अंधारात कोणाला काही बोलायचे त्यांना वेतन नाही, आणि बोलले तर ग्राहक ॲपवर एक तारा देतो.

भाषेचेही आहे. तिगावच्या बाईला तिच्या मराठीत कोणी म्हटले, "बाई, फोन आत ठेवता का?" तर ती लगेच पदराआड घेईल. पडद्यावर मात्र इंग्रजीत सूचना येते, फार तर हिंदीत, आणि ती अशा आवाजात, की विमानतळावर आल्यासारखे वाटते. सीमेवरच्या माणसाला अशा सूचना आपल्यासाठी नसतात याची लहानपणापासून सवय असते. शाळेचा अर्ज एका भाषेत, घरचे बोलणे दुसऱ्या. जी भाषा फक्त पाट्यांवर भेटते तिच्यातली विनंती तो पाटीसारखीच वाचतो, म्हणजे वाचत नाही.

याउलट गावातल्या सप्ताहात बघा. कीर्तन रंगात आलेले, कोणाचा तरी फोन वाजतो. महाराज थांबतात. टाळ थांबतात. महाराज काही बोलत नाहीत, फक्त त्या दिशेने पाहतात, फार झाले तर देवाचा फोन आहे का म्हणून विचारतात. मांडव हसतो, फोनवाला मान खाली घालून मांडवाबाहेर जातो आणि पुढचे सात दिवस त्या मांडवात फोन वाजत नाही. तिथे ना पाटी, ना जॅमर, ना पन्नास डॉलर. पाहणारा एक माणूस आहे आणि ज्यांच्यासमोर लाज वाटावी अशी ओळखीची चार माणसे आहेत. सुमीत राघवनने प्रयोग थांबवला तेव्हाही हेच घडले. सिनेमाजवळ महाराज नाहीत. पडद्यावरचा माणूस कोणाकडे पाहू शकत नाही. ती नजर दुसऱ्या कोणाला तरी पुरवावी लागेल, आणि ती जागा पूर्वी गेटकीपरची होती.

म्हणून माझा कौल पाटीला नाही, जॅमरला नाही, दंडालाही नाही. टॉकीजच्या मालकाने एका माणसाचा पगार वाढवावा. त्याने सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यासमोर, दिवे चालू असताना उभे राहावे आणि आपल्या बोलीत दोन वाक्ये बोलावीत: फोनचा आवाज बंद करा, गजर असेल तर तोही बंद करा, ज्याला जमत नसेल त्याने मला द्यावा, मी करून देतो. ज्याच्या घरी दुखणे आहे, बाळंतपण आहे, त्याने दारालगतच्या खुर्चीवर बसावे आणि फोन आला तर बाहेर येऊन बोलावे. मग सिनेमा चालू असताना त्याने दोनदा फेरी मारावी, बॅटरी खाली धरून. नाटकवाल्यांनी हे काही ठिकाणी करून पाहिले आहे. खर्च येतो हे खरे, पण पंचवीस मिनिटांच्या जाहिरातींचे पैसे कोणाच्या खिशात जातात तेही आपल्याला माहीत आहे.

आणि प्रेक्षकाला, म्हणजे पुढच्या रांगेतल्या त्या गृहस्थाला, एक सांगणे. भाऊ, लाइन येणारच, आणि पाणी द्यायलाच हवे. पण आजकालच्या बऱ्याच मोबाईल स्टार्टरमध्ये एकापेक्षा जास्त नंबर घालता येतात. सिनेमाला निघताना घरी असलेल्या पोराचा नंबर पहिला करून ठेवा.